फाटलेला सदरा आणि आकाशातला किल्ला



गेल्या महिन्यात आमच्या गटाची बैठक संपली, वहीत सह्या झाल्या. चहा यायला वेळ होता म्हणून गप्पा निघाल्या, की मनात राहिलेला सिनेमा कोणता. कुणी 'माहेरची साडी'चं नाव घेतलं. कुणाला गणपतीत चौकात पडदा बांधून दाखवलेले सिनेमे आठवले. माझी पाळी आली तेव्हा मी म्हटलं, माझा सिनेमा कार्टूनचा आहे आणि तो जपानी आहे. सगळ्या हसल्या. एक काकू म्हणाल्या, "अगं, नातवाचं कार्टून लागलं की मी उठून शेळीला पाला घालायला जाते." हे रेडिओ केंद्रावरच्या ताईंच्या कानावर गेलं आणि त्यांनी मला इथे आणून बसवलं.

तुमच्यापैकी काहींना माहीत आहे, माझ्या मालकांच्या नोकरीमुळे आम्ही चार वर्षं जपानमध्ये होतो, नागोया शहराच्या कडेला. २०१३ सालची गोष्ट. माझी मुलगी तेव्हा आठ वर्षांची. ऑगस्टची सुरुवात, शुक्रवारची रात्र, आणि उकाडा असा की आपला मे महिना बरा. शेजारच्या आजींनी आम्हाला सिनेमा बघायला बोलावलं. आजीला तिकडे ओबाआसान म्हणतात, पण मी आपली आजीच म्हणते. घरात त्या, त्यांचा मुलगा, सून आणि कॉलेजात जाणारा नातू. नातू रात्री नऊपासून मोबाईल मांडीवर घेऊन बसला होता, आपल्याकडे मॅचच्या शेवटच्या षटकात पोरं बसतात तसा. मी मुलीला विचारलं, हा कशाची वाट बघतोय? ती म्हणाली, "आई, शेवटी एक शब्द येतो. तो सगळ्यांनी एकदम म्हणायचा असतो."

तो शब्द म्हणजे 'बारुस'. त्याला जपानीतही काही अर्थ नाही, तो गोष्टीतला मंत्र आहे. सिनेमातली मुलगी आणि मुलगा हातात हात घेऊन तो उच्चारतात आणि आकाशातला अख्खा किल्ला कोसळू लागतो. टीव्हीवर हा सिनेमा लागला की त्या क्षणी देशभरातले लोक तोच शब्द मोबाईलवर लिहून ट्विटरवर पाठवायचे. ट्विटर म्हणजे चार ओळी लिहून जगापुढे टाकायची तेव्हाची जागा. त्या काळी जगभरातून मिळून तिथे सेकंदाला सरासरी ५,७०० संदेश जायचे. त्या रात्री, २ ऑगस्टला, सव्वाअकरा वाजून गेल्यावर तो शब्द आला आणि एका सेकंदात १ लाख ४३ हजार १९९ संदेश गेले. तोवरचा तो जगातला उच्चांक होता. आमच्या खोलीत नातू ओरडला, माझी मुलगी ओरडली, सून ओरडली, आणि शब्द नीट कळला नव्हता तरी मीही ओरडले. समोरच्या इमारतीतूनही आवाज आला. चार वर्षांत पहिल्यांदा मला वाटलं, की मी या लोकांच्या आत आहे, खिडकीबाहेर नाही.

फक्त आजी ओरडल्या नाहीत. त्या तिथे नव्हत्याच. सिनेमा सुरू झाल्यावर अर्धा-पाऊण तास त्यांनी डोळे न हलवता पाहिलं, आणि मग "झालं माझं" म्हणून आत जाऊन झोपल्या. सुनेला त्याचं काही वाटलं नाही. ती म्हणाली, "दर वेळी असंच करतात."

आता गोष्ट सांगते, म्हणजे आजी कुठे उठल्या ते कळेल.

सिनेमाचं नाव 'तेन्कू नो शिरो राप्युता', म्हणजे आकाशातला किल्ला लाप्युता. लाप्युता हे नाव गलिव्हरच्या प्रवासाच्या जुन्या इंग्रजी गोष्टीतलं. त्यातही एक तरंगतं बेट आहे. सिनेमा जपानमध्ये आला २ ऑगस्ट १९८६ला. म्हणजे आम्ही पाहिला त्या रात्री त्याला बरोबर २७ वर्षं झाली होती. लिहिला आणि दिग्दर्शित केला हायाओ मियाझाकी यांनी. त्यांचा स्टुडिओ जिब्ली १९८५मध्ये सुरू झाला आणि स्टुडिओच्या नावाने निघालेला हा पहिला सिनेमा. सगळी चित्रं हातानं काढलेली. गंमत म्हणजे थिएटरात तो तेव्हा फारसा चालला नाही. टीव्हीवर पुन्हा पुन्हा लागून घराघरांत शिरला, आपल्याकडे काही सिनेमे रविवारच्या दुपारी शिरले तसा.

सुरुवातीला रात्र आहे. आकाशात एक मोठं विमानजहाज चाललंय आणि त्यात एक मुलगी कैदेत आहे. तिचं नाव शीता. मला ते सीताच ऐकू आलं आणि मी मनातल्या मनात तिला सीताच म्हणत राहिले. जहाजावर दरोडेखोर येतात, झटापटीत ती खाली पडते. पण तिच्या गळ्यात एक निळा खडा आहे, तो उजळतो आणि ती पिसासारखी हळूहळू खाली येते. खाली खाणकामगारांचं गाव. पाझू नावाचा अनाथ मुलगा तिथल्या खाणीवर काम करतो. तो मुकादमासाठी रात्रीचं जेवण डब्यात घेऊन चाललेला असतो. वर बघतो तर आकाशातून मुलगी उतरतेय. तो तिला दोन्ही हातांवर झेलतो.

इथवर सगळ्यांना आठवतं. पुढचं फारसं कुणाला आठवत नाही. त्याच वेळी खाणीतून माणसं वर येत असतात. काळवंडलेली, दमलेली. खाली काहीच लागलं नाही असं सांगतात. मुकादम जुन्या वाफेच्या यंत्राशी झगडत असतो. कुणी रडत नाही, कुणी भाषण करत नाही. एक दिवस वाया गेला, उद्या बघू, एवढंच. दोन-तीन मिनिटांचा प्रसंग असेल. आजी त्याच्यासाठी बसत होत्या.

दुसऱ्या दिवशी मी भांडं परत द्यायला गेले तेव्हा आजींनी चहा दिला आणि सांगितलं. त्या मूळच्या ओमुता गावच्या, जपानच्या दक्षिणेकडच्या क्युशू बेटावरच्या. तिथे मिइके नावाची मोठी कोळशाची खाण होती. यजमान त्या खाणीत. १९६०मध्ये तिथे फार मोठा संप झाला, माणसं कमी करण्याविरुद्ध. कामगार हरले. पुढे ९ नोव्हेंबर १९६३ला खाणीत स्फोट झाला आणि ४५८ माणसं गेली. वाचलेल्यांपैकी शेकडो जणांना विषारी वायू बाधला. माणूस घरी आला, पण डोकं जागेवर नाही, बायकोला ओळखत नाही, लहान मुलासारखा रडतो, चिडतो. अशा माणसांना बायकांनी वर्षानुवर्षं सांभाळलं. १९६७मध्ये त्यांच्यासाठी कायदा करा म्हणून त्या बायका स्वतः खाणीत उतरल्या आणि खाली ठिय्या देऊन बसल्या. त्यांत आजींची मोठी बहीण होती. १९९७मध्ये खाण कायमची बंद झाली. यजमान गेल्यावर आजी मुलाकडे नागोयाला आल्या.

मी विचारलं, तुम्ही शेवट का बघत नाही? त्या म्हणाल्या, "किल्ला माझा नाही. गाव माझं आहे."

मैत्रिणींनो, मला तेव्हा जपानी अर्धवटच येत होतं. पण हे वाक्य समजायला शब्दकोश लागला नाही. माझे वडील मुंबईला गिरणीत होते. १९८२च्या जानेवारीत संप सुरू झाला, अडीच लाख कामगारांचा. तो कधी मागे घेतलाच नाही, नुसता विरत गेला. वडील पत्र्याची ट्रंक घेऊन गावी आले तेव्हा मीही आठच वर्षांची होते. आम्हा पोरांना केवढा आनंद, बाबा आता घरीच राहणार म्हणून. गिरणीवर घालायचे त्यांचे दोन सदरे होते. कॉलर विरली की आई ती उसवायची, उलटी करायची आणि पुन्हा शिवायची. तसं किती वर्षं चाललं ते तिलाच ठाऊक. आज माझे भाऊ तो काळ आठवतात आणि म्हणतात, काय मजा होती, बाबा घरी होते, विहिरीवर पोहायला न्यायचे. मजा होतीच, खोटं नाही. पण त्या आठवणीत आईची सुई कुठेच नाही.

आता सदऱ्याचंच सांगते, कारण सिनेमात सदरा आहे. शीताच्या मागावर दरोडेखोर गावात येतात. मुकादम त्यांना अडवायला रस्त्यात उभा राहतो. एक दरोडेखोर धिप्पाड, मुकादमही धिप्पाड. दोघे एकमेकांना दंड फुगवून दाखवतात, आणि मुकादम इतका जोर लावतो की अंगातला सदरा टरकन फाटतो. गाव टाळ्या पिटतं. आणि मागे उभी असलेली त्याची बायको विचारते, की हा सदरा आता शिवायचा कोणी? बस. पुढे मारामारी सुरू होते, आणि हीच बाई पोरांना मागच्या दाराने पळवून लावते. पाझूला म्हणते, मुलगी चांगली आहे, सांभाळ तिला. मी हा सिनेमा बऱ्याच वेळा पाहिला आहे, आणि त्या सदऱ्याच्या वाक्याला माझ्यासोबत बसलेली प्रत्येक बाई हसली आहे. पुरुष मारामारी सुरू झाल्यावर हसतात.

ही बाई मियाझाकींना कुठे भेटली? मला पुढे वाचून कळलं. सिनेमातलं गाव जपानचं नाहीच. ब्रिटनमध्ये वेल्स नावाचा डोंगराळ भाग आहे, दऱ्याखोऱ्यांचा, दरीत कामगारांची एकाला एक लागून घरं. तिथे कोळशाच्या खाणी. सरकारने खाणी बंद करायला घेतल्या तेव्हा मार्च १९८४ ते मार्च १९८५, असं पूर्ण वर्षभर खाणकामगार संपावर होते. घरात पगार नाही. तेव्हा वेल्समधल्या बायकांनी गावोगावी मंडळं काढली, सार्वजनिक स्वयंपाकघरं चालवली, दारोदार जाऊन शिधा आणि पैसा गोळा केला, सभांतून बोलायला शिकल्या. गटातल्या बायकांना हे वेगळं समजवायला नको. संप फसला. माएर्डी नावाच्या गावात हरलेले कामगार खाणीवर परत निघाले ते बँड वाजवत, आणि त्यांच्या बरोबरीने बायकांची मंडळं चालत होती. ती खाणही १९९०मध्ये बंद झाली. मियाझाकी संप संपल्यावर लगेचच वेल्सला गेले होते. आपल्या कामासाठी आणि आपल्या वस्तीसाठी ती माणसं शेवटपर्यंत लढली याचं त्यांना कौतुक वाटलं, आणि त्या वस्त्यांचं बळ सिनेमात यावं असं त्यांच्या मनात होतं. हे त्यांनी २००५मध्ये एका ब्रिटिश वर्तमानपत्राला सांगितलं.

म्हणजे बघा, जपानमधली एक म्हातारी जे गाव आपलं म्हणून बघत होती, ते वेल्सचं होतं. आणि मला त्यात माझ्या बापाची ट्रंक दिसली.

पण सिनेमा उदास आहे असं समजू नका. धमाल आहे. दरोडेखोरांची सरदार एक म्हातारी आहे, डोला. दोन गुलाबी वेण्या, तोंडाचा पट्टा चालू, आणि हाताखाली तिचेच तीन दांडगे मुलगे. ते बाहेर दरोडे घालतात आणि आईसमोर थरथरतात. असं सांगतात, की मियाझाकींच्या आईचा स्वभाव डोलामध्ये उतरला आहे. ती माउली मात्र मणक्याच्या क्षयाने कित्येक वर्षं अंथरुणाला खिळली होती. मुलाने सिनेमात तिला जहाज देऊन आकाशात पाठवलं.

पुढे पोरांना याच डोलाची मदत घ्यावी लागते आणि शीता तिच्या जहाजावर येते. तिला कुठे ठेवतात? स्वयंपाकघरात, आणखी कुठे. ते बघितलंत तर नाकाला पदर लावाल. भांड्यांचा डोंगर, सगळीकडे राड. ती बाह्या सरसावते आणि कामाला लागते. मग एकेक दरोडेखोर काहीतरी निमित्त काढून दारात येतो, मी मदत करू का म्हणून. थोड्या वेळात सगळी टोळी आत. माझे मालक म्हणाले, हे काही खरं वाटत नाही. मी म्हटलं, आकाशातला किल्ला खरा वाटतो का?

एक छोटा प्रसंग मला फार आवडतो. सरकारी अधिकारी मुस्का शीताला ताब्यात घेतो आणि पाझूला तीन सोन्याची नाणी देऊन घरी पाठवतो, विसर तिला म्हणून. पोरगा रस्त्यात रागाने नाणी भिरकावायला हात उगारतो. आणि फेकत नाही. गरिबाघरचं पोर आहे, त्याचा हात तसा उघडत नाही. दुसऱ्या कुणी हा प्रसंग लिहिला असता तर नाणी गटारात गेली असती आणि आपण टाळ्या वाजवल्या असत्या.

पुढे ते किल्ल्यावर पोचतात. तिथे माणूस नाही. एक प्रचंड झाड आणि बाग, आणि बागेची राखण करणारा एक जुनाट यंत्रमानव, अंगावर शेवाळ चढलेला. पक्ष्याच्या घरट्यावर पोरांचं पडलेलं विमान तो अलगद उचलून बाजूला ठेवतो. राजे कधीच निघून गेले, पण हा थडग्यावर रोज फूल ठेवतो. किल्ल्याच्या पोटात मात्र भयंकर अस्त्र आहे. मुस्का ते चालवून दाखवतो, समुद्रात आगीचा लोळ उठतो, आणि तो मोठ्या दिमाखात म्हणतो की रामायणात यालाच इंद्राचा बाण म्हटलंय. एवढ्या लांब, रात्री, परक्या घरात रामायण हा शब्द कानावर पडला आणि मी ताठ बसले. मग लक्षात आलं, हे बोलणारा खलनायक आहे, आणि जरा ओशाळले. जपान्यांनी रामायणावरच काढलेला कार्टून सिनेमा तुमच्यापैकी काहींनी टीव्हीवर पाहिला असेल; तो वेगळा, हा वेगळा.

शीता ही त्या किल्ल्याच्या राजघराण्यातली शेवटची मुलगी. मुस्कासुद्धा त्याच घराण्यातला. त्याला राज्य हवंय. तिला काय हवंय? ती गोंडोआ नावाच्या खोऱ्यात एकटी याक सांभाळून राहणारी पोर आहे. गोळी मारून मुस्का तिच्या दोन्ही वेण्या तोडतो. तरी ती त्याच्यासमोर उभी राहते आणि आपल्या खोऱ्यातल्या गाण्यातली शिकवण त्याला सांगते, की मातीपासून तुटून कुणी जगू शकत नाही. या किल्ल्याचे राजेही म्हणूनच संपले. आणि मग आजीने लहानपणी शिकवलेला तो मंत्र, जो कधी वापरायचा नाही असा, तो ती पाझूचा हात धरून म्हणते.

ज्या शब्दावर आम्ही सगळे ओरडलो, तो तिने मरायच्या तयारीने म्हटलेला आहे. किल्ला तिच्याच वाडवडलांचा. सातबारावर नाव असावं तसा तिचा हक्काचा. तो ती स्वतःच्या तोंडाने मोडून टाकते, कारण तो ठेवला तर खालच्या गावांवर आग पडेल. त्यात जल्लोषासारखं काही नाही. मी ओरडणाऱ्यांना नावं ठेवत नाही. त्या रात्रीचा तो ओरडा माझ्या परदेशातल्या दिवसांतला सगळ्यात गोड ओरडा आहे. माझी लेक आता पुण्यात शिकते. मध्ये फोनवर म्हणाली, "आई, नागोयाचे दिवस किती भारी होते." मी म्हटलं, "हो गं." आणि मग तिला सांगितलं की तू शाळेत गेलीस की मी नळ सोडून न्हाणीघरात रडायचे, कारण दिवसभर माझ्याशी बोलणारं कुणी नव्हतं, आणि त्या आजींनी बोलावलं नसतं तर माझं काय झालं असतं कोण जाणे. ती गप्प झाली. मग म्हणाली, "हे तू कधी बोलली नाहीस." तिला वाईट वाटावं म्हणून मी सांगितलं नाही. तिच्या आठवणीत न्हाणीघरही असावं, म्हणून सांगितलं.

राहता राहिला शेवट. दोघं वाचतात. झाड वर निघून जातं, मुळ्यांसकट. दरोडेखोर आपलं जहाज बुडालं म्हणून गळा काढतात, तेव्हा डोला त्यांना गप्प करते. जहाजाचं काय घेऊन बसलात, म्हणते, या पोरीचे केस गेले त्याचं दुःख मोठं.

जपानहून आणलेली डीव्हीडी अजून माझ्याकडे आहे. येत्या शनिवारी संध्याकाळी शाळेच्या खोलीत तो सिनेमा लावायचं ठरलंय. सरांनी प्रोजेक्टर द्यायचं कबूल केलंय. बोलणं जपानीत आहे, मी शेजारी बसून मराठीत सांगत जाईन. सिनेमा दोन तास चार मिनिटांचा आहे, तेव्हा पोरांना जेवू घालूनच आणा. पाझू आणि शीता बोगद्यात पावावर अंडं घालून खातात, ते बघितलं की पोरं घरी जाऊन तेच मागतात. पाव नसला तर भाकरीवर चालतं, मी करून पाहिलंय. शेळीला पाला आधी टाकून या, काकू. आणि सातच्या ठोक्याला या. खाण सुरुवातीलाच आहे.